भांड्यावरचं नाव

"दार लावलंस तरी चालेल," काकू म्हणाल्या. "मला अंधाराची भीती वाटत नाही."

मी पत्र्याचं दार ओढून घेतलं. बाहेर बार्शीचं ऊन मी म्हणत होतं, आणि आत आमच्या शेडमध्ये भर दुपारी रात्र झाली. चाचपडत जाऊन मी बटण दाबलं. टेबलावर उभ्या केलेल्या जुन्या किसणीत बल्ब लागला आणि भिंतीवर, पत्र्यावर, काकूंच्या निळ्या साडीवर उजेडाचे ठिपके पसरले. बल्ब वरून वायरला टांगलेला, तो थोडा हलत होता, त्यामुळे ठिपकेही हळूहळू हलत होते.

त्यांनी हात पुढे केला. तळहातावर चार-पाच ठिपके आले. त्यांनी मूठ मिटली, परत उघडली.

"गाजर किसायची किसणी ही?"

"हो. दांडा मोडला म्हणून कुणीतरी मोडीत घातलेली."

"बाई गं!" असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या. खूप वेळ नुसत्या बघत बसल्या. मला घाई नव्हती. दिवा लावल्यावर माणसं अशी गप्प होतात, हे मला तोवर माहीत झालं होतं आणि मला ते फार आवडायचं.

काकू म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, सुनंदाबाई. माझं निरंजनशी लग्न ठरलं होतं आणि त्या पहिल्यांदाच एकट्या आमच्याकडे आल्या होत्या. माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. लोक जुनी भांडी मोडीत घालून नवी घेऊन जायचे. त्या मोडीच्या ढिगात मी लहानपणापासून वाढले. गळका तांब्या, झाकण हरवलेली किटली, पिठाची चाळणी, बुडाला पोचे आलेलं पातेलं, असं काही दिसलं की मी ते पळवायचे आणि मागच्या शेडमध्ये त्याचा दिवा करायचे. बाबा म्हणायचे, "लोकांच्या मुली दागिने जमवतात, आमची भंगार जमवते." पण दिवे खपायला लागले तेव्हा त्यांनीच मला छोटं ड्रिल मशीन आणून दिलं. प्रत्येक दिव्याच्या बुडाशी मी माझं नाव ठोकायचे. शर्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. दिवे करणारीचं नाव रात्र, याची मला भारी गंमत वाटायची.

"यात नाव पण दिसेल का गं?" काकूंनी विचारलं.

"दिसेल की. ठिपक्याठिपक्यांनी भोकं पाडायची. कुणाचं नाव?"

त्यांनी कापडी पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. उभा, साधारण शेरभर पोहे मावतील एवढा. एका बाजूला चेपलेला. "याची मोड घ्यायची नाही हं. याचा दिवा कर."

मी तो उजेडात फिरवला. पोटावर छिन्नीने ठिपके ठिपके मारून नाव घातलेलं होतं, जुन्या पद्धतीचं, वळणदार. 'कु. तारा. धावणे, पहिली.'

"ही तारा कोण?"

"आहे एक," काकू पिशवीची घडी घालत म्हणाल्या.

मी पुढे विचारलंच नाही. यात विचारण्यासारखं काय? आपल्याकडे कार्यात भांडी इकडची तिकडे जातात, म्हणून तर नावं घालायची, आणि नावं घातली तरी ती जायची तिकडे जातातच. आमच्या घरी 'चि. बाळकृष्ण' अशी एक वाटी आहे. बाळकृष्ण कोण ते आमच्या आजीलाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्या वाटीने सुखाने आमटी जेवतो. तसाच या कुणा धावपटू ताराचा डबा काकूंकडे राहिला असणार.

"नाव घासून काढू का? वर छान वेल पाडते."

"छे छे! घासू नकोस!" त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मीच दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ठिपके आयते आहेत ना. त्यातूनच येऊ दे उजेड."

जाताना त्यांनी दारात माझ्या हनुवटीला हात लावला. "शर्वरी," असं नुसतंच म्हणाल्या. मला भरून आलं. कारण त्या घरात त्या नावाचे दिवस भरत आले होते.

झालं होतं असं. साखरपुड्यात अण्णांनी, म्हणजे निरंजनच्या वडिलांनी, भर मांडवात जाहीर केलं होतं. अण्णांनी उभी हयात एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवलेली. त्यांना हळू बोलता यायचंच नाही. हात वर करून ते म्हणाले, "मंडळी, इकडे लक्ष द्यावे! घरात निरांजन होतंच. आता ज्योत आली. सूनबाईंचं नाव आम्ही ज्योती ठेवणार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. काय करणार? कुणी आकसाने माझं नाव मागितलं असतं तर मी कंबर कसून भांडले असते. हे तर लाडाने मागत होते. आणि लाडाला नाही म्हणायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

निरंजनला मी रसवंतीगृहात गाठलं.

"अरे, मला माझं नाव आवडतं."

"मग? कागदोपत्री तू शर्वरीच राहणार. ते फक्त तांदळात लिहायचं असतं."

"तांदळात तुझं शंकर लिहू?"

"माझं कशाला?"

"तेच विचारतेय मी."

तो रसातला बर्फ ढवळत राहिला. "पटतंय गं मला. पण अण्णांना कोण सांगणार? त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय."

"तू सांग."

"बघतो," तो म्हणाला. निरंजन तसा सोन्यासारखा माणूस, पण त्याचं 'बघतो' म्हणजे देवाला सोडलेला पेढा. गेला तो गेला.

घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? इथे मोडीत किती नावं येतात रोज. कुणी विचारतं का त्यांना?" ते सहज म्हणाले. मी मात्र त्या रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंचा डबा हातात घेतला. आत लाकडाचा ओंडका बसवला आणि एकेक ठिपका पाडायला लागले. स्टील मोठं चिवट. बारीक बिट सारखे मोडायचे. 'ता'च्या कान्याशी तर मी घामाघूम झाले. पण ठिपका आरपार गेला की भोकातून ओंडक्याचा पिवळा भुसा डोकवायचा आणि मला कोण आनंद व्हायचा. काम करताना मी त्या ताराला डोळ्यांपुढे आणायचे. परकर वर खोचलेला, दोन वेण्या, धुळीचं मैदान, आणि ही सगळ्यांच्या पुढे. कुठे असेल आता ती? माझं नाव जाणार या दुःखात मला तिचा का कुणास ठाऊक, आधार वाटायचा. निदान हिचं तरी नाव डब्यावर टिकलं.

आत मी पारदर्शक काचेचा बल्ब टांगला. दुधी बल्बने ठिपके फुगतात. याने कसे टोकदार येतात.

दिवा द्यायला गेले त्या संध्याकाळी अख्ख्या बार्शीत लोडशेडिंग होतं.

"अरे वा! दिवेवाली सूनबाई आल्या आणि गावची लाईट गेली!" अण्णांनी अंधारात आरोळी ठोकली. निरंजनने माझ्या हातून पिशवी घेतली. काकू देवघरापुढे समई लावत होत्या. तेवढाच काय तो उजेड. मी चाचपडत दिवा टीव्हीच्या कपाटावर ठेवला, वायर बोर्डात खोचली, बटण दाबून ठेवलं आणि खाली येऊन सतरंजीवर बसले.

अंधारात गप्पा बऱ्या होतात. अण्णा त्यांच्या स्टँडवरच्या गमती सांगत होते. कुर्डुवाडी, माढा, वैराग, येरमाळा अशी नावं त्यांच्या तोंडून जपमाळेसारखी यायची. "अजून झोपेतसुद्धा पुकारतो मी," ते म्हणाले. "एकही गाव विसरलो नाही. विचार हिला. अगं ए, खरं की नाही?"

"खरं," काकू म्हणाल्या. अण्णा त्यांना 'अगं ए' म्हणत. तेव्हा सगळ्याच घरांत तसंच होतं.

"आणि ज्योतीबाई, तुमच्या नावाची तर मी सोन्याची अंगठी घासूनपुसून ठेवलीय. तांदूळसुद्धा आंबेमोहोर!"

मी निरंजनकडे बघितलं. समईच्या उजेडात त्याचं नाक तेवढं दिसत होतं. ते खाली वाकलेलं होतं.

आणि लाईट आली.

त्यांच्या घरातली ट्यूब जुनी. ती लागायच्या आधी बराच वेळ नुसती डोळे मिचकावायची. त्यामुळे सगळ्यात आधी लागला तो माझा दिवा. समोरची रिकामी भिंत अक्षरांनी भरून गेली. डब्यावर बोटभर असलेली ती अक्षरं भिंतीवर हातभर झाली होती, आणि सुरू झालेल्या पंख्याच्या वाऱ्यात वायर हेलकावून ती पाण्यातल्यासारखी डुलत होती. घर एकदम निराळंच वाटायला लागलं. काकू देवघराच्या दारात उभ्या होत्या.

"ट्यूब बंद कर रे निरू," त्या म्हणाल्या.

ट्यूब बंद झाली. अण्णा उठून भिंतीजवळ गेले. डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केलं. "छान आहे! छानच आहे! पण हे काय लिहिलंय? कानडी आहे की काय?"

अक्षरं उलटी पडली होती! आतापर्यंत मी फुलं पाडली, वेली पाडल्या, चांदण्या पाडल्या. फुलाला उलटं-सुलटं नसतं. नावाला असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उलटं आलंय अण्णा. माझी चूक झाली. आरशात सुलट दिसेल."

"एवढंच ना?" अण्णांनी मोरीवरचा दाढीचा आरसा काढून आणला. भिंतीकडे पाठ करून तो डोळ्यांपुढे धरला आणि स्टँडवरच्या आवाजात वाचलं, "कुमारी तारा! धावणे, पहिली!" मग आरसा तसाच धरून हसत विचारलं, "आता ही तारा कोण?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी निरंजनकडे बघितलं. त्याने खांदे उडवले.

"मी," काकू म्हणाल्या.

त्या जागच्या हलल्या नव्हत्या. एक ओळ भिंतीवर होती, तिचा शेवटचा तुकडा त्यांच्या पदरावर पडला होता.

अण्णांनी आरसा खाली घेतला. "तू?"

"शाळेत होते तेव्हाची. लग्नपत्रिकेत होतं की. तुम्ही वाचलं होतंत."

"तू धावायचीस?"

"हो."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते गप्पकन मिटलं. येरमाळ्यापर्यंतचं एकेक गाव पाठ असलेला माणूस, सतरंजीवर मटकन बसला. आरशाचा कवडसा छतावर थरथरत राहिला. जेवणं झाली, पण अण्णा शब्दाने बोलले नाहीत. मी निघाले तेव्हाही नाही.

मी घरी येऊन रडले. मला वाटलं, संपलं. दुसऱ्याच्या घरात जाऊन झाकलेलं भांडं उघडलं मी. आता कुठलं लग्न आणि कुठलं काय!

दोन दिवसांनी काकू दुकानात आल्या. बाबांकडून एक झारा घेतला आणि पैसे देऊन सरळ मागे शेडमध्ये आल्या.

"अण्णा रागावलेत का हो?" मी विचारलं.

"काय माहीत. बोलतच नाहीत. घर कसं शांत शांत झालंय." त्या झाऱ्याच्या भोकांतून माझ्याकडे बघत होत्या. चक्क हसत होत्या.

"काकू, तुम्ही आधी सांगायचं तरी. मला वाटलं, कुणाचा तरी डबा चुकून आलाय."

"चुकून नाही आला. माझ्याबरोबर आला. आईने रुखवतात ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, नाव जुनं आहे, डबा मागे ठेवा. तो मागे राहिला. मी त्यात हळद भरायचे, नाव भिंतीकडे करून." त्यांनी झारा खाली ठेवला. "आमचं लग्न झालं तेव्हा यांनी असंच हौसेने नाव ठेवलं होतं बरं का. सुनंदा. मीसुद्धा हसले होते, तू साखरपुड्यात हसलीस ना, तशीच. मी बघत होते तुझ्याकडे."

मी हातातलं ड्रिल खाली ठेवलं.

"तोंडाने बोलले असते तर भांडण झालं असतं," त्या म्हणाल्या. "हे रागावले असते, मी रडले असते, आणि तू व्हायचीस ती ज्योती झालीच असतीस. म्हटलं, दिव्यालाच बोलू दे."

"पण ते उलटं बोललं!"

"हो ना! मेलं कानडी बोललं!" असं म्हणून त्या जी हसायला लागल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. पण अण्णा काय करणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जाताना म्हणाल्या, "मी डबा दिला. पुढचं मला नाही येत गं."

लग्न लागलं. अण्णा मांडवात सगळ्यांना हात जोडत होते, पण आवाज म्हणून नाही. पाहुणे विचारत होते, "अण्णांचा घसा बसलाय का?" निरंजन मला हळूच म्हणाला, "मी काल सांगितलं त्यांना. खरंच सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"हूं म्हणाले."

हूं! हूं म्हणजे काय समजायचं माणसाने?

दिवेलागणीला मी माप ओलांडून घरात आले. आल्या आल्या माझी नजर टीव्हीच्या कपाटावर गेली. दिवा तिथे नव्हता. म्हणजे काढून टाकला. परत हळद भरली असेल त्यात, नाव भिंतीकडे करून. काकू औक्षणाचं ताम्हन घेऊन उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

लक्ष्मीपूजन झालं. गुरुजींनी आंबेमोहोराचं ताट पुढे सरकवलं, निरंजनच्या हातात अंगठी दिली आणि अण्णांना विचारलं, "हं, यजमान, काय नाव ठेवायचं?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अर्ध्या पाहुण्यांच्या ओठांवर 'ज्योती' येऊन थांबलं होतं. अण्णांनी घसा खाकरला. एकदा. परत एकदा. मग इतक्या दिवसांचा साठलेला आवाज बाहेर पडला.

"मंडळी, इकडे लक्ष द्यावे! गाडीच्या पाटीत काहीही बदल नाही! सूनबाईंचं नाव शर्वरी. आहे तेच. लिही रे!"

निरंजनने लिहिलं. अंगठी इतक्या जोरात ओढली की माझ्या नावाचा रफार जरा लांबच गेला, पार ताटाच्या काठापर्यंत. मी त्या तांदळाकडे बघत होते आणि मला ते नीट दिसत नव्हतं. इतकी मी रडत होते.

"आणि तू," अण्णा काकूंकडे वळले. इथे मात्र त्यांचा आवाज एकदम खाली आला. "जरा आत ये."

काकू आत गेल्या. त्यांच्यामागे आम्हीही दाराशी जाऊन उभे राहिलो. आतल्या खोलीत अंधार होता. अण्णा कोपऱ्यात खाटखुट करत होते. मग बटण वाजलं.

दिवा आत होता. अण्णांनी तो कपाटाच्या मोठ्या आरशासमोर, पाटावर पाट रचून, अगदी बरोब्बर उंचीवर ठेवला होता. उजेड आरशावर आपटून मागे फिरत होता आणि पलंगाच्या वरच्या भिंतीवर ती दोन ओळींची अक्षरं उमटली होती. सुलट. कु. तारा. धावणे, पहिली.

"लई झटलो," अण्णा म्हणाले. "कधी आरसा तिरपा, कधी दिवा तिरपा. तू देवळात गेलीस की बसायचो मांडून."

काकू भिंतीपाशी गेल्या. त्यांनी हात वर करून 'ता'वर बोटं ठेवली. अक्षर त्यांच्या हातावर आलं. मागे ओसरीवर पाहुणे बोलत होते, भांडी वाजत होती, पण या खोलीत कुठलाच आवाज शिरत नव्हता असं मला वाटलं. काकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीवर, अंबाड्यावर ठिपके हळूहळू डुलत होते.

अण्णांना ती शांतता सोसवेना. ते चुळबुळले. कपाळावरचा घाम पुसला. आणि मग लग्नानंतर पहिल्यांदा, अगदी लाजत, त्यांनी बायकोला नावाने हाक मारली.

"तारा."

काकू वळल्या.

पुढे काय बोलायचं ते अण्णांनी ठरवलेलंच नव्हतं. जन्मभराची सवय त्यांच्या मदतीला धावून आली. "तारा, जरा चहा टाकतेस का?"

निरंजनने कपाळावर हात मारला. काकू मात्र हसल्या. पलंगावर बसल्या, पाय वर घेतले, भिंतीला टेकल्या.

"चहा सुनंदा करायची," त्या म्हणाल्या. "तारा आज बसून पिणार आहे."

अण्णा दोन क्षण उभे राहिले, मग मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला, हे विचारायला ते दोनदा बाहेर आले. त्यांना कुणी सांगितलं नाही. चहा पाकासारखा गोड झाला होता. आम्ही सगळ्यांनी तो प्यायला, आणि काकूंनी अर्धा कप अजून मागितला.